कडूबाईचं विणकाम

कंडक्टरनं घंटी मारली न मारली, तोच कडूबाईनं पिशवीतून सुया काढल्या आणि शेजारी बसलेल्या सटवाचं डोकं फिरलं.

"ठिव ते आत," तो दातओठ खात म्हणाला. "पोरगी बघायला चाललोत आपण. घाटनांदूरचे पाव्हणे काय म्हणतेल?"

"हात रिकामा ऱ्हायला की मला करमत न्हाई," कडूबाई म्हणाली आणि निळ्या लोकरीचा धागा बोटाला गुंडाळून मोकळी झाली.

सटवानं कपाळावर हात मारून घेतला. हे खूळ लागून तीन वर्षं झाली, पण नवऱ्याचं ऐकेल तर शपथ! बाजारात सुया, दवाखान्याच्या रांगेत सुया, तहसीलच्या पायरीवर सुया. त्याच्या सख्ख्या चुलत्याच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, तर तेवढ्यात ही बाई दगडावर टेकून विणायला बसली. सगळी भावकी कावळा सोडून हिच्याकडंच बघत होती.

तसा सटवा जातीचा धनगर. मेंढरांमागं चालता चालता चातीवर लोकर कातण्यात त्याची उमर गेली. पण ते गड्याचं काम. दोन सुया घेऊन विणत बसणं हे बायकांचं, आणि तेही घरात बसून करायचं, असा त्याचा कायदा होता.

बरं, एवढ्या सुया हलवून गाडीत काम सरकावं ना! दिंद्रुडहून निघाले तेव्हा स्वेटर जेवढं होतं, अंबाजोगाईला गाडी बदलली तरी तेवढंच. घरी मात्र चार दिवसांत अख्खं उरकायचं. "घरी चित्त लागतं," असं ती म्हणायची. गावातल्या निम्म्या लेकरांच्या अंगात तिची स्वेटरं होती. कडूबाईचा हात म्हणजे हात, असं अख्खं दिंद्रुड म्हणायचं.

"आय, आज तरी नको ना काढू," मागच्या सीटवरून परमेश्वर हळूच म्हणाला.

"तू गप ऱ्हा. तुझ्याचसाठी काढलंय."

परमेश्वर एकतीस वर्षांचा घोडनवरा. सुपारीचंही व्यसन नाही, बोलणं मऊ. पण मेंढरं राखतो म्हटलं की मुलीकडचे चहाचं नावच काढत नसत, पाण्यावरच बोळवण करत. आठ पोरींनी नकार कळवला होता. ही नववी. ही हुकली तर पोरगा बिनलग्नाचाच राहतो, या धास्तीनं सटवाला दोन दिवस भाकर गोड लागत नव्हती.

मुलीचा बाप धुळाजी दारातच उभा होता. सहा फुटी गडी, मिशीवर लिंबू ठरावं असा. त्यानं "या पाव्हणं!" म्हटलं तर अंगणातल्या कोंबड्या पांगल्या. घरात बघावं तर दारावर लोकरीचं तोरण, टीव्हीवर लोकरीचा रुमाल, पाण्याच्या तांब्यालासुद्धा लोकरीचं टोपडं.

"समदं आमच्या मनिषानं केलंय," धुळाजी म्हणाला.

सटवाचा जीव भांड्यात पडला. म्हणजे या घरात सुयांना मान होता. उगीच बायकोला बोललो, असंही त्याला वाटून गेलं.

मनिषा पोहे घेऊन आली. नाव, शिक्षण, मामाचं गाव विचारून झालं. पोरगी धीट होती, परमेश्वराकडं बघून हसलीसुद्धा. सटवाला वाटलं, आता गाडी रुळावर आलीच आहे तर जरा ढकलावी.

"आमच्या हिलाबी लई नाद हाय विणायचा," तो म्हणाला. "पोरी, बस हिच्याजवळ. दोघी मिळून चार टाके घाला. आमीबी बघू."

दोघींचे चेहरे उतरले. हे कशामुळं, ते सटवाला कळेना.

"आधी मावशींनी घालावेत," मनिषा म्हणाली. "मोठ्यांचा मान."

"न्हाई गं बाई, घर तुझं. तूच घाल."

"तुमीच घाला, मावशी."

"तूच घाल, माय."

काय ही रीतभात, म्हणून सटवाला भरून आलं. "घाल की गं कडे, किती आढेवेढे!" तो गरजला.

कडूबाईनं सुया धरल्या. एक टाका घातला, दुसरा घालायला गेली, तर सुई सुळ्ळकन निसटली आणि सगळी ओळ सुईवरून घरंगळली.

"आय, वढू नको! समदं उसवंल!" परमेश्वर ओरडला. त्यानं झडप घालून स्वेटर घेतलं, सुटलेले टाके एकामागून एक सुईवर चढवले आणि त्या भरात अख्खी ओळ विणून टाकली.

सटवाच्या तोंडातले पोहे तोंडातच राहिले.

"हे कवा शिकलास बे?"

"मेंढरामागं, आबा. मोबाईलवर बघून." परमेश्वरानं मान वर केली नाही.

"समदी स्वेटरं त्याचीच हायती," कडूबाई रडकुंडीला येऊन म्हणाली. "पोराला बायल्या म्हणतेल, कुणी पोरगी देणार न्हाई, म्हणून मी सुया घेऊन गावभर हिंडले. मला तर साधी गाठसुदिक जमत न्हाई."

झालं! नववीही गेली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सटवाला झालं. त्यानंच तर 'टाके घाला' म्हणून घोडं पुढं दामटलं होतं!

धुळाजी उठला. दाराकडं गेला आणि त्यानं आतून कडी घातली. आता मार खायचा, हे सटवानं ओळखलं आणि टोपी सावरली. मनिषा मात्र तोंडाला ओढणी लावून खुदुखुदु हसत होती.

धुळाजीनं ज्वारीच्या पोत्यामागून एक गाठोडं ओढून काढलं. परमेश्वराच्या मांडीला मांडी लावून बसला, सुयांवरचा अर्धा विणलेला मोर त्याच्यापुढं धरला आणि कोंबडीलाही ऐकू जाणार नाही एवढ्या हळू आवाजात म्हणाला, "जावईबापू, मानेपाशी आलो की माझे टाके कायम चुकतेत. जरा दावता का?"