काळं न होणारं तेल

कुशाबा मिस्त्रीने गाडीखालचा तेलाचा चेंबर उतरवला आणि काळाचौकीच्या आपल्या गॅरेजच्या दारात, उजेडात आणून ठेवला. तळाला चार बोटं काळा गाळ बसला होता. कुशाबाने त्यात पाना खुपसला. पाना उभाच राहिला.

कोंडीरामची टॅक्सी आदल्या दुपारी सायनजवळ चालता चालता जाम झाली होती. जुन्या डॉजमधलं पेट्रोलचं इंजिन काढून त्याने दोन वर्षांपूर्वी डिझेलचं बसवून घेतलं होतं. ते आता संपलं होतं. बेअरिंगं वितळून क्रँकला चिकटली होती.

तेल कुठलं घालत होतास, असं कुशाबाने विचारलं. कोंडीरामने डब्यावरचं नाव सांगितलं. डिझेलसाठीचंच होतं. शिवाय तो रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून बघायचा. महिना झाला तरी तेल मधासारखं स्वच्छ असायचं.

"तिथंच फसलास," कुशाबा म्हणाला. "डिझेलचं तेल चार दिवसांत काळं व्हायलाच पाहिजे. इंजिनाची काजळी ते आपल्या पोटात घेतं. हे घेत नव्हतं. वर स्वच्छ राहिलं आणि खाली हे साचलं. तेल वर चढायची वाटच बुजली. डबा खरा असेल, आतलं तेल खरं नाही."

कोंडीरामने गाळात हात घालून पाहिला. लालबागच्या स्टँडवर डिझेलच्या सात टॅक्सी होत्या आणि सातही जयवंतच्या दुकानातून तेल घेत. ते कोंडीरामनेच ठरवलं होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर फोर्टात गोळीबार होऊन माणसं गेली, त्यानंतर त्याने सगळ्या ड्रायव्हरांना जमवून सांगितलं होतं, की इतकी वर्षं त्या गुजराती भाटियाकडून तेल घेतलं ते पुरे, आता आपल्या माणसाचं दुकान निघालंय. नारळावर हात ठेवून सगळ्यांनी शब्द दिला होता. जयवंत त्याच्याच गावचा, त्याच्याच वाडीतला.

तो तसाच, तेलकट हातांनी जयवंतच्या दुकानात गेला. गल्ल्यामागे मुंबईसह महाराष्ट्राचा नकाशा लावलेला होता. जयवंत आधी म्हणाला, डबे कंपनीचे आहेत. मग म्हणाला, कॉटन ग्रीनचा एक माणूस भरून आणून देतो, तो आत काय भरतो ते आपण विचारत नाही. कोंडीराम जागचा हलला नाही, तेव्हा जयवंतने उठून दुकानाची एक फळी लावून घेतली.

"सभेचा मांडव, कर्णे, पोरांचे जामीन, हे कुठून होतं, कोंडीराम? नारळावर हात ठेवून होतं?"

कोंडीराम म्हणाला, "आपल्या स्टँडवरचा शिवा उद्या नाशकाला चाललाय. समितीचीच पाच माणसं घेऊन. कसारा घाट चढायचाय त्याला."

 जयवंतने खाली वाकून गल्ल्याखालून एक डबा काढला आणि कोंडीरामपुढे ठेवला. हा चांगला आहे, म्हणाला, हा तुझ्यासाठी. म्हणजे चांगला डबाही दुकानात होता. कोंडीरामकडे तो ओतायला इंजिन उरलं नव्हतं. तो डबा तिथंच सोडून बाहेर आला.

स्टँडवर शिवा उद्याच्या तयारीला लागला होता. बोनेट उघडं होतं, पुढच्या मडगार्डला भगवा बांधून झाला होता. बाकीचे चहा पीत उभे होते. कोंडीरामने सगळं सांगितलं. गाळ सांगितला, कुशाबा काय म्हणाला ते सांगितलं, जयवंतचं बोलणंही सांगितलं. सांगताना त्याला कळत होतं, की आपला आवाज नारळावर शब्द घेतला तेव्हासारखा लागत नाहीये.

शिवाने पट्टी काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घालून पुन्हा काढली आणि त्याच्यासमोर धरली. तेल सोन्यासारखं चमकत होतं.

"हे वाईट?"

"काळं होत नाही म्हणूनच वाईट."

कोणीतरी हसलं. मग तेल घ्यायचं कुठून, असं एकाने विचारलं. कोंडीरामला उत्तर द्यावंच लागलं. तो म्हणाला, भाटियाकडून. त्यानंतर हसणं थांबलं. भाटिया याला फुकट इंजिन बांधून देणार आहे वाटतं, असं मागून कोणीतरी हळूच म्हणालं. एकजण कपातला उरलेला चहा गटारात फेकून निघून गेला.

"कोंडीदादा, तू सांगितलंस म्हणून आम्ही तिकडे गेलो," शिवा म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "आता तुझी गाडी बसली, तर आम्ही शब्द मोडायचा?"

त्याने जयवंतच्या दुकानातला नवा डबा फोडला आणि इंजिनात ओतला. धार एकदाही तुटली नाही. बोनेट खाली पडलं. शिवाने आत बसून गाडी चालू केली. इंजिन झकास लागलं.

कोंडीराम गाडीसमोर आला. घाटात आतून ठोके ऐकू आले तर तिथंच थांब, एक हातभरसुद्धा पुढे नेऊ नको, माणसं खाली उतरव, असं तो सांगू लागला. इंजिनाच्या आवाजात शिवाला ऐकू जात नव्हतं. म्हणून ठोके कसे येतात ते दाखवायला कोंडीराम मुठीने बोनेटवर ठोकू लागला. ठक. ठक. ठक. चहावाल्यासमोरचे सगळे त्याच्याकडे बघत होते.

शिवाने खिडकीतून मान बाहेर काढली.

"दादा," तो म्हणाला, "हात काढ गाडीवरचा."