न झालेला धूर

पहिलीच बिनधुराची चूल बेबीनंदाला मिळाली.

पारावर टाळ्या वाजल्या आणि शिवकन्येच्या काळजात कुणीतरी निखारा ठेवल्यागत झालं. बेबीनंदा तिची थोरली जाऊ. दोन वर्षांमागं चुली वेगळ्या झाल्या तेव्हा मधे एक कुडाची भिंत उभी राहिली. भिंत आढ्यापर्यंत गेली नव्हती. तिकडची फोडणी इकडं खोकायला लावायची. बेबीनंदाला मूलबाळ नव्हतं. शिवकन्येची मनू चार वर्षांची; जरा धूर झाला की तिची छाती भात्यासारखी वाजायची. पोरीला धुरापासून लांब ठेवा, असं भोकरदनच्या डॉक्टरनं बजावलं होतं. मग चूल कुणाच्या घरात यायला हवी होती?

औरंगाबादच्या एका संस्थेचे भुजंग सर केदारखेड्यात आले तेव्हापासून शिवकन्येनं त्या चुलीवर डोळा ठेवला होता. परदेशातल्या काही कंपन्या फार धूर सोडत. त्याच्या बदल्यात त्या इथला धूर कमी करायला पैसे देणार होत्या. कायद्याची सक्ती नाही, सगळं राजीखुशीचं.

"म्हंजी धूर इकायचा?" कडूबा काकांनी विचारलं होतं.

"न झालेला धूर, काका."

"आयला! मंग म्या जलमभर न केलेल्या कामाचे बी पैसे बघा की कुठं मिळतेत का!"

पारावरचं अख्खं गाव हसून लोळलं होतं. व्यवहाराचे नियम अजून बसायचे होते. ते बसवायलाच भुजंग सर सरपण तोलायचा काटा घेऊन दारोदार फिरत होते. गावात आधी सरपण किती जळतं, हे एक आठवडा बघायचं. घर मोजायचं ते चुलीवरून. वेगळी चूल, तर वेगळं घर.

शिवकन्या जालन्याच्या कॉलेजातून बी.ए. झालेली. तिनं मनाशी पक्कं केलं, की जी बाई लाकूड कमी जाळेल तिलाच चूल मिळणार. परक्या माणसासमोर आपण उधळी ठरायचं नाही, आणि जावेसमोर तर नाहीच. संक्रांतीच्या आसपासची थंडी होती. तरी त्या आठवड्यात तिनं एका वेळचा जाळ दोन वेळांना पुरवला. सकाळी शिळी भाकरी. आंघोळीचं पाणी तापवणं बंद.

मनू कुरकुरायची आणि भिंतीपलीकडं सटकायची. परत यायची ती गाल लाल करून, केसांना तेल लावून.

"मोठ्याईकडं जेवले," असं म्हणायची.

शिवकन्येचा जीव जळायचा. घर वाटून झालं, शेत वाटून झालं, आता माझी पोरही हवी हिला! शिवाय पलीकडं जाळ धडधडत असायचा. "दोनच माणसं, अन् होळी पेटवल्यागत जाळून राह्यली," ती नवऱ्याला म्हणायची. पण आतून तिला बरं वाटायचं. जाळू दे. काटा काय ते दाखवेलच.

काट्यानं दाखवलं. नियमही बसला, फक्त उलटा.

"जिथं जास्त जळतं तिथंच जास्त वाचणार," भुजंग सर आता पारावर समजावत होते. "जेवढा धूर वाचला तेवढाच विकायचा. जिथं आधीच कमी जळतं, तिथं विकायला काय उरतं?"

शिवकन्या ताडकन उठली. "सर, हिनं मुद्दाम जाळलंय! दोन माणसांच्या घरात एवढं सरपण लागतं का? चला, आत्ता चला, मी दाखवते."

बेबीनंदा पदर सावरून मागोमाग चालू लागली.

बेबीनंदाच्या घरात आल्यावर सरांनी तिला विचारलं, "बाई, खरंच एवढं लाकूड लागलं तुम्हाला?"

"लागलं."

"कशाला?"

एवढ्यात मनू पळत आत शिरली. फ्रॉक ओढून काढला आणि न्हाणीच्या दगडावर जाऊन बसली. तिचीच जागा असल्यासारखी.

"मोठ्याई, आज पाणी न्हाई तापवलं?"

चुलीच्या कडेला मनूची छोटी ताटली पालथी घातलेली होती. हंडा मात्र मोठा होता, दोन माणसांना नको तेवढा मोठा. शिवकन्येनं तो आज पहिल्यांदा पाहिला.

भुजंग सरांनी डोकं खाजवलं. "असं असेल तर पोरीसाठी जळलेलं सरपण तिच्या घरात धरायला पाहिजे. तिकडं मिळवलं तर चूल शिवकन्याताईंची होते."

"तसंच करा," बेबीनंदा घाईनं म्हणाली. "बिलकुल तसंच करा, सर. तिकडंच मांडा. लेकराची छाती लई वाजती." मग दगडावर कुडकुडणाऱ्या मनूला तिनं पदरात गुंडाळलं आणि हळूच म्हणाली, "आता हिकडं यायचं कामच न्हाई पडायचं तुला."

तिनं मान वर करून कुडाच्या भिंतीकडं पाहिलं. शिवकन्येनं ती नजर ओळखली. आठवडाभर मनू इकडं आली की ती स्वतः पलीकडून याच भिंतीकडं तशीच बघत होती.

हवं ते मिळालं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं.

शिवकन्येनं हंडा उचलला, रांजणातलं पाणी त्यात ओतलं आणि तो जावेच्या चुलीवर ठेवला. काटक्या सारल्या. फुंकर घातली. डोळ्यांत धूर गेला.

"चूल हितंच मांडा, सर."

"आणि तुमच्या घराचं काय?"

"घर एकच धरा," ती डोळे पुसत म्हणाली. "तुम्ही काटा आणला त्या दिवसापासून आमची चूल एकच पेटून राह्यली."