सहा गुण

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या फायनलचा शेवटचा भोंगा वाजला तेव्हा आमचं टॅलपूक गाव पाच गुणांनी मागे होतं आणि चेंडू गावच्या बेकरीवाल्या कोरीच्या हातात होता. झेल भोंग्याआधीचा, म्हणजे नियमानं एक लाथ त्याची. दोन उंच खांबांच्या मधून गेला तर सहा गुण आणि कप. बाहेरून गेला तर एक, आणि वर्षभर त्याच्या पावाला नावं.

गोलच्या मागे, पत्र्याच्या छपराखाली, रेडिओवर सामना सांगणाऱ्या लिंडसे ट्रेहेलानं माइक धरला आणि ओठ घट्ट मिटले. रेडिओ चालवणाऱ्या ग्लेनिसनं सकाळीच दम दिला होता, "अंपायरच्या आधी पुन्हा ‘गोल’ ओरडलास, तर पुढच्या मोसमात टायर विकायला जा. दोनदा झालंय."

पण ओरडण्यावाचून लिंडसेला येत तरी काय होतं? अठ्ठ्याऐंशीच्या फायनलला, याच खांबांमधून, भोंग्यानंतर त्यानं सहा गुण मारले होते. त्या सहांवर त्याला मेलबर्नचा क्लब मिळाला (दीड मोसम, मग गुडघा गेला), बायको मिळाली, पबमध्ये मान मिळाला, आणि शेवटी हा माइक.

कोरीनं लाथ मारली. चेंडू खांबापेक्षाही उंच गेला. खाली अंपायरनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला. गोलची दोन बोटं की बाहेरचं एक, काहीच वर होईना.

मैदानाभोवती तीनशे गाड्या, सगळ्यांची तोंडं आत. गोल झाला की आमच्याकडे हॉर्न वाजवतात. पण गाडीत बसून चेंडू कुठला दिसायला? लोक रेडिओ ऐकून वाजवतात. आज एकही वाजला नाही.

शेजारी गुण मांडत बसलेला नॉर्म कुकेल, तीस वर्षं याच खांबांखाली उभा राहिलेला जुना अंपायर, खुसुखुसु हसायला लागला. "बोल की रे बाबा. अंपायर हॉर्नसाठी थांबलाय, हॉर्न तुझ्यासाठी, आणि तू त्याच्यासाठी."

"त्याला दिसलं नाही?"

"संध्याकाळी पाचला तिथं उभं राहून बघ. ऊन सरळ डोळ्यात. आम्ही हॉर्न ऐकूनच बोटं वर करायचो."

लिंडसेला मात्र छपराच्या सावलीतून स्वच्छ दिसलं होतं. टीचभर बाहेरून. नुसतं ‘गोल’ म्हटलं असतं तरी कप गावात राहिला असता.

"बाहेर," तो माइकमध्ये म्हणाला. "एकच गुण."

पाहुण्यांच्या बाजूनं हॉर्नचा कल्लोळ उठला. अंपायरनं सुटलो एकदाचा अशा चेहऱ्यानं एक बोट वर केलं. मागे बसलेल्या ग्लेनिसचा हात माइक बंद करायला पुढे आला.

"नॉर्म," लिंडसेनं वळून विचारलं, "माझ्या वेळी?"

"ऊन तेव्हाही होतंच."

ग्लेनिसचा हात तिथंच थांबला.

"तेव्हा तर रेडिओवर सामना नसायचा," लिंडसे म्हणाला.

"नसायचा. पण हॉर्न वाजला, मी दोन बोटं वर केली. सहा गुण."

"कोणाचा हॉर्न?"

"त्या झाडाखालच्या पांढऱ्या होल्डन गाडीचा. तू लाथ मारायच्या आधीच वाजला होता म्हण ना."

माइक चालूच होता. तीनशे गाड्यांनी ऐकलं. मग झाडाखालच्या त्याच पांढऱ्या होल्डनमधून लिंडसेच्या एक्क्याऐंशी वर्षांच्या आईनं एक लांबलचक हॉर्न दिला.