दोन पुड्यांचा फेस

फेस जाईना.

उमादेवीने तांब्याभर पाणी ओतलं, तर तो दुप्पट झाला. दुसरा तांब्या ओतला, तर कानांवरून मानेवर उतरला. तिच्या वाट्याची छोटी बादली आता न्हाणीत पालथी पडली होती. डोळे चुरचुरत होते, आणि साडेआठाची लातूरची गाडी काही तिच्या केसांसाठी रेणापुरात थांबणार नव्हती.

अकरा वाजता मुलाखत होती. लातूर जिल्हा होऊन तीन वर्षं झाली होती, तरी नव्या कचेऱ्यांना अजून टायपिस्ट पुरत नव्हते. उमादेवी मॅट्रिक होती, टायपिंगची परीक्षाही लग्नाआधीच पास झालेली. नवऱ्याचं, गुरुबसप्पाचं, कापडाचं दुकान होतं. पण दोन वर्षं पाऊस नाही म्हटल्यावर कापड घेतो कोण? बिचारा दिवसभर तागे उलगडायचा, झटकायचा आणि परत गुंडाळून ठेवायचा. ही नोकरी लागली असती तर घर सावरलं असतं.

केसांचं मात्र काही खरं नव्हतं. दीड महिना डोक्यावरून पाणी गेलं नव्हतं. वेणीचा दोरखंड झाला होता, आणि तिचा वास तिचा तिलाच येत होता. शहरातल्या पोरींच्या रांगेत हे डोकं घेऊन बसायचं, या विचारानेच तिला मेल्याहून मेल्यासारखं होई.

म्हणून तर परवा, दाखल्याच्या नकलेवर सही-शिक्का घ्यायला लातूरला गेली असताना, गोलाईच्या बाजारातली रांग बघून तिचे पाय थांबले. कंपनीची एक पोरगी शांपूच्या पुड्या फुकट वाटत होती. माणशी एक. उमादेवीने एक घेतली, पिशवीत टाकली आणि पुढे चालू लागली. पण गोलाई नावासारखीच गोल. चालत राहिलं की माणूस निघाला तिथंच परत येतो. तीही आली, फक्त या वेळी पदर डोक्यावरून घेऊन.

"ताई, तुम्हाला मघाशी दिली ना?" पोरीने विचारलं.

"ती जाऊबाईसाठी होती," उमादेवीने ठोकून दिलं. तिला जाऊच नव्हती. पोरगी हसली आणि तिने दुसरीही दिली.

शिकेकाईशिवाय उमादेवीने आजवर डोक्याला काही लावलं नव्हतं. शिकेकाई जास्त घेतली की केस जास्त साफ होतात, हे मात्र तिला ठाऊक होतं. त्याच अकलेने तिने दोन्ही पुड्या एकदम डोक्यावर ओतल्या होत्या.

पुड्या फुकट होत्या, पाणी नव्हतं. टँकर काल येऊन गेला, तो आता उद्याच येणार. पिण्याच्या हंड्याला हात लावायची सोय नव्हती. राहता राहिली एकच बादली, न्हाणीच्या कोपऱ्यात ताट झाकून ठेवलेली. ती सासूची होती, बसम्माची.

या बादलीबद्दल उमादेवीच्या मनात पहिल्यापासून अढी होती. बसम्मा रोज अंघोळ करी, मग गळ्यातलं शिवलिंग तळहातावर घेऊन त्याला न्हाऊ घालून पूजा, आणि त्यानंतरच पाण्याचा पहिला घोट. बाकीच्यांनी चार दिवसांतून एकदा अंग ओलं करायचं आणि म्हातारीची बादली दुष्काळातही चुकायची नाही, हा कुठला न्याय? त्यात मुलाखतीचं पत्र आल्यापासून सासू तिच्याशी त्याबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. 'आपल्या घरची सून, अन् कचेरीत,' असं शेजारणीपाशी एकदा म्हणाली, आणि पुढचं गिळून टाकलं.

उमादेवीने दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं. तिने ताट उचललं, तांब्या आत घातला आणि हात तिथेच थांबला. हा फेस काही एकदोन तांब्यांनी हटणारा नव्हता. आख्खी बादली लागली असती. म्हातारी उद्यापर्यंत उपाशीतापाशी राहिली असती, आणि वर कोणाला सांगितलंही नसतं. एवढं मात्र उमादेवीच्याने झालं नाही. तिने ताट पुन्हा झाकलं आणि कोरड्या पंच्याने डोकं पुसायला घेतलं. पंचा फेसाने भरला, केस आणखीच चिकट झाले. तिला रडू फुटलं.

"काय करायलीस गं?"

दारात बसम्मा उभी होती. खांद्यावर कोरडं लुगडं टाकून ती अंघोळीलाच आली होती.

उमादेवीने काही लपवलं नाही. रिकाम्या पुड्या दाखवल्या, दुसरी कशी मिळवली तेही सांगून टाकलं. "आता काय जायचं, आत्याबाई? ऱ्हाऊ द्या. न्हाई जात मी."

बसम्माने एका पुडीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. लुगडं दांडीवर टाकलं, पदर खोचला, बादलीवरचं ताट बाजूला ठेवलं.

"बस खाली. डोळे मीट."

पहिला तांब्या डोक्यावर पडला तशी उमादेवी दचकली. "आत्याबाई, तुमची पूजा! टँकर उद्या हाय. तवर तुम्ही पाण्याचा घोटसुदिक घेणार न्हाई."

"गप बस. नाकात जाईल."

सासूची बोटं केसांतून जोरात फिरत होती, एकेक गुंता सोडवत होती. उमादेवी खाली मान घालून रडत होती, आणि ते पाण्यात कळत नव्हतं हे बरंच होतं. बादली तळाला गेली तेव्हा बसम्माने शेवटचा तांब्या भरला.

"मी लई वर्सं न्हाऊ घातलं महादेवाला. एक दिवस ऱ्हाईल तसाच. त्याच्या डोक्यावर आख्खी गंगा हाय. तुझ्या डोक्यावर नुसता फेस."