पंगतीतला पाव्हणा

आठवडी बाजारात मिरच्यांच्या राशींचे फोटो काढता काढता शार्दूलला कडकडून भूक लागली. शेजारच्या गल्लीत मांडवाखाली पंगत बसली होती. चला, जेवणाचा खर्च वाचला, म्हणत तो खुशाल पानावर जाऊन बसला.

एका म्हाताऱ्याने बुंदी वाढली. "पोटभर जेवा, पाव्हणं. आमच्या पोराला बी लई आवडायची." शार्दूलने ती दोनदा मागून घेतली.

हात धुवायला उठताना तो म्हणाला, "झकास बेत होता, आजोबा! असंच वरचेवर बोलवा."

पंगतीतले हात थबकले. "तेरावं हाय आज," कुणीतरी पुटपुटलं. तेव्हा त्याला भिंतीलगतचा हार घातलेला फोटो दिसला, त्याच्याच वयाच्या तरुणाचा.

शार्दूलची मान वर होईना. म्हाताऱ्याने त्याच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं.

"पुन्हा या, पाव्हणं," तो म्हणाला, "पन असल्या जेवणाला नगं."