दोन रिकामे ठोके

"ती तलवार कशी घडवायची ते आमच्या घराबाहेर कुणालाच ठाऊक नाही, मुकेशभाई," संध्याने तिसऱ्यांदा सांगितलं. रविवारच्या भर दुपारी ती पालेगावातल्या आपल्या गॅलरीत, वाळत घातलेल्या चादरींच्या आड फोन कानाला लावून उभी होती, आणि रडू येऊ नये म्हणून समोरच्या अर्धवट इमारतीचे मजले मोजत होती.

मुकेशचा उल्हासनगरात जीन्स शिवायचा कारखाना होता आणि ऑनलाइन खेळात तो चाळीस जणांच्या टोळीचा म्होरक्या होता. दोन्हीकडे तो एकाच सुरात बोलायचा. "दीदी, मी धंदेवाला माणूस. आपला माल दुसऱ्याच्या दुकानात दिसला, म्हणजे आपल्याच कारखान्यातून फुटला. पाच वाजता लढाई आहे. त्याच्या आधी नाव सांग, नहीं तो टोळी छोड दे."

संध्या त्या टोळीची लोहार होती. आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी काळ्या पोलादाची तलवार घडवायची, आणि तशी तलवार अख्ख्या खेळात दुसऱ्या कुणाला जमत नव्हती. पोलाद भट्टीतून कधी काढायचं हे खेळ सांगत नाही. चार महिने तलवारी मोडून झाल्यावर तिने शेवटी बाबांना विचारलं होतं. शंकररावांचा उभा जन्म अंबरनाथच्या कारखान्यात पोलादाला पाणी देण्यात गेलेला. काचबिंदूने दृष्टी गेली तरी रंग त्यांना पाठ होते. आधी गवती पिवळा येईल, मग तपकिरी, जांभळा यायच्या आत काढ, असं त्यांनी सांगितलं आणि त्याच दिवशी तलवार झाली.

हे तिने एकट्या मिलिंदला शिकवलं होतं. मिलिंद तिचा बारा वर्षांनी धाकटा भाऊ, खेळात तिच्या भट्टीला कोळसा पुरवणारा. आज सकाळी शत्रूच्या टोळीने खेळातल्या बाजारात तीन काळ्या तलवारी मांडल्या. घडवणाऱ्याचं नाव होतं कुणी पोलादसिंग.

फोन ठेवून ती आत आली. बाबा पलंगावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मिलिंदच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. तो जेवून झोपला असेल, त्याला उठवावं, दोघांनी मिळून चोर शोधावा, असं तिच्या मनात होतं. अडचणीत तिला दुसरं कुणी आठवायचंच नाही.

तेवढ्यात दारामागून आवाज आला. टण्. टण्. मग जरा शांतता, आणि मग घणाचे एकसारखे ठोके.

शंकररावांचा चेहरा उजळला. "भट्टी लावलीस वाटतं, संध्या? दोन ठोके विसरली नाहीस हो."

ते पहिले दोन ठोके रिकामे असायचे. काम ठेवण्याआधी ऐरण नीट बोलते का ते ऐकायला शंकरराव मारायचे. दसऱ्याला कारखाना घरच्यांसाठी उघडा असायचा, तेव्हा लहानग्या संध्याने ते पाहिलेलं. खेळातल्या ऐरणीला त्यांची काही गरज नव्हती. संध्या आपली मारायची, बाबांना ऐकायला बरं वाटतं म्हणून.

आत्ता ती बाबांपासून दोन हातांवर उभी होती. तिने दार ढकललं.

मिलिंद पाठमोरा बसला होता. हेडफोन बाजूला चार्जिंगला लावलेला. पडद्यावरच्या लोहाराने तलवार भट्टीत ठेवली होती आणि त्याच्या डोक्यावर नाव होतं, पोलादसिंग. मिलिंदने वळून पाहिलं आणि घाईघाईने आवाज बंद केला.

सकाळपासून अख्ख्या टोळीने तिला चोर म्हटलं तेव्हाही इतकं लागलं नव्हतं. तासाभरापूर्वी यानेच तिला पाणी आणून दिलं होतं आणि म्हणाला होता, ताई, तू मनाला लावून घेऊ नकोस.

"त्यांनी मला मुख्य लोहार केलं," मिलिंद खालच्या आवाजात म्हणाला. "तुझ्याकडे मी जन्मभर कोळसाच वाहिला असता. आणि ताई, शेवटी गेमच आहे."

संध्या म्हणाली, "ते पहिले दोन ठोके गेममध्ये लागत नाहीत, मिलिंद."

त्याला कळेना. "तूच तर शिकवलेस."

"ते बाबांचे आहेत."

मिलिंदने दाराकडे पाहिलं. बाहेरच्या खोलीत शेंगा फुटण्याचा आवाज थांबला होता.

"ठोके थांबले म्हणजे भट्टीत गेलं," शंकरराव तिकडून म्हणाले. "आता रंगावरनं नजर काढू नकोस गं."

संध्याच्या हातातला फोन थरथरला. मुकेशने एकच शब्द पाठवला होता, नाव. तिने तो दोनदा वाचला. मग तिने टोळी सोडायचं बटण दाबलं, आणि खरंच सोडायची का असं खेळाने विचारल्यावर पुन्हा दाबलं.

पडद्यावरची तलवार पिवळी होऊन तपकिरी झाली होती.

"काढलंस ना?" बाबांनी विचारलं.

"काढलं, बाबा," संध्या म्हणाली.

तलवार जांभळी झाली, जांभळ्याची निळी झाली, आणि दोघांपैकी कुणीही हात पुढे केला नाही.