पदरातली साखर

यांचं औषध चुकलं का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि मी ‘हो’ असं खरं ते सांगितलं. तोच यांनी माझे केस धरून डोकं टेबलावर आपटलं. ओठ फुटला. दोन वॉर्डबॉयनी यांना भिंतीशी दाबून धरलं.

“साखर उतरली की माझा ताबा सुटतो हो! हिला विचारा!” हे ओरडले.

मीही तेच मानत आले होते. पदराच्या टोकाला कायम साखर बांधलेली असायची. मार खाऊन उठलं की ती आधी यांच्या तोंडात घालायची. आत्ताही, एक हात प्लास्टरात होता म्हणून, मी दातांनी गाठ सोडली.

मधुमेहाच्या नव्या औषधाच्या चाचणीसाठी यांच्या दंडावर रक्तातली साखर सतत मोजणारा सेन्सर चिकटवला होता. बाईंनी त्याला मोबाइल लावला. “एकशे बारा. साखर उतरलेली नाही.”

“यात मागचंही दिसतं का, बाई? रविवारी यांनी माझा हात मोडला, तेव्हाचं?”

त्यांनी स्क्रीन मागे सरकवली. “तेव्हाही ठीकच होती.”

“अगं, दे ना साखर,” हे हळूच म्हणाले.

यांच्या डोळ्यांत बघत मी ती सगळी साखर माझ्याच रक्ताळलेल्या तोंडात टाकली आणि कराकरा चावली.